चला, मिशीवाला पकडू या!

लहान मुलं, एक काठी, मूठभर गांडुळं आणि सोलापूरच्या आसपासचं पाणी. पहिल्यांदाच गळ टाकणाऱ्यांसाठी एक हटके वीकएण्ड प्लॅन...

शनिवार-रविवार आला की घरातल्या बच्चेकंपनीचं करायचं काय, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला पडतो. स्वतःची मुलं नसली तरी भाचे-पुतणे असतातच! मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, पिझ्झा झाला, गेम झोन झाला आणि तरी घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘बोअर झालं!’ मग शेवटचा उपाय म्हणून मोबाइल हातात जातो. घर शांत, आपण शांत. पण मनात कुठेतरी खुट्ट होतंच ना?

तर मंडळी, एक भन्नाट आयडिया देते. या वेळी मुलांना मासे पकडायला न्या.

हसू नका! सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि ऊन एवढंच डोळ्यांसमोर येतं, हे मला माहितीये. सोलापूर आणि मासे हे कॉम्बिनेशन कोकणवाल्यांना तर पटतच नाही. पण भीमा, सीना या नद्या आपल्याच जिल्ह्यातून वाहतात आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक असलेलं उजनी आपल्याच माढा तालुक्यात आहे. साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं त्यात! १९८० साली हे धरण पूर्ण झालं आणि त्यानंतर इंदापूर, करमाळ्यापर्यंत पसरलेल्या बॅकवॉटरवर मासेमारीचं एक अख्खं विश्व उभं राहिलं. आपण मात्र पुण्याला जाता-येता एसी गाडीच्या काचेतून ते पाणी बघतो आणि पुढच्या ढाब्याचा विचार करतो.

मिशीवालाच का?

पहिल्यांदा गळ टाकणाऱ्याने कुठल्या माशाच्या मागे लागावं? माझं उत्तर ठरलेलं आहे... मिशीवाल्या. इंग्रजीत ज्याला कॅटफिश म्हणतात, त्या कुळातले मासे आपल्याकडे शिंगटा, शिंगाळा, मांगूर अशा नावांनी ओळखले जातात. अंगावर खवले नाहीत, त्वचा गुळगुळीत आणि तोंडाभोवती मांजरासारख्या लांब मिश्या. मुलांना हा मासा बघताक्षणी आवडतो. मिश्या असलेला मासा म्हणजे त्यांच्यासाठी थेट कार्टूनमधून आलेला!

पण या मिश्या शोभेच्या नाहीत हं. त्यांच्यावर चव कळणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. म्हणजे आपण जिभेने चव घेतो, तर हा गडी मिश्यांनी आणि चक्क अंगावरच्या कातडीनेही चव घेतो. त्यामुळे पाणी गढूळ असो वा अंधार पडलेला असो, तळाशी फिरत फिरत वासावर आणि चवीवर तो खाणं शोधून काढतो. नवशिक्यांसाठी हीच तर लॉटरी आहे! भारीतलं रीळ नको, चमकणारी नकली मासोळी नको, लांबवर गळ फेकण्याचं कसब नको. वासाचं आमिष लावायचं, ते तळाशी पोचवायचं आणि गप बसायचं. बाकी काम मिश्या करतात.

सामान: पिझ्झाच्या बिलात भागतं

एक साधी बांबूची काठी घ्या, मुलाच्या उंचीच्या दुपटीहून मोठी नको. तिच्या टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनचा जाड दोरा बांधा. लांबी काठीएवढीच. खाली मध्यम आकाराचा गळ आणि त्याच्या वीतभर वर शिशाची छोटी गोळी, म्हणजे आमिष तळाला जातं. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करून टाका. त्यामुळे मासा क्वचित निसटतो खरा, पण गळ काढताना माशालाही कमी इजा होते आणि चुकून कुणाच्या बोटात घुसला तरी सरळ बाहेर येतो. मुलं बरोबर असताना हा व्यवहार फायद्याचाच.

मासा लागला हे कळणार कसं? त्यासाठी दोऱ्यावर तरंगणारं काहीतरी हवं. दुकानातलं प्लॅस्टिकचं मिळतं, पण आपण ज्वारीच्या जिल्ह्यातले लोक! ज्वारीचं चिपाड सोला, आतलं पांढरं हलकं भेंड काढा, त्याचा बोटभर तुकडा दोऱ्याला बांधा. आपल्या आजोबांनी लहानपणी याच भेंडाच्या बैलगाड्या केल्या होत्या, हे मुलांना सांगायला विसरू नका. त्याला स्केचपेनने लाल रंग द्यायचं काम मुलांचं.

आता आमिष. गांडूळ हा ऑल टाइम हिट प्रकार. कुंडीतली ओली माती उकरली की मिळतात. कुणाला किळस येत असेल तर कणीक घट्ट मळा आणि त्यात बाजारातली सुकट कुटून घाला. वास असा सुटतो की सोसायटीतली मांजरं दारात येऊन बसतील! कोंबडीच्या काळजाचे छोटे तुकडेही चालतात. (घरी कुणाचा उपवास असेल तर हे सगळे उद्योग गच्चीवर करा, हा फुकटचा सल्ला.)

आधी पाणी ओळखा

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करू. गावातल्या सिद्धेश्वर तलावावर गळ घेऊन जायचं नाही. ते देवस्थान आहे. तिथे काठावर उभं राहून मासे नुसते बघायचे. लहान मुलांसाठी हा खरं तर उत्तम पहिला धडा आहे. पाण्यावर गोल गोल वर्तुळं कुठे उठतात, मासे सावलीत का जमतात, हे तिथे अर्धा तास बघितलं की पुढे काठावर बसल्यावर नजर तयार झालेली असते.

जवळचं ठिकाण म्हणजे हिप्परगा, म्हणजेच एकरूख तलाव. तुळजापूर रोडने आठेक किलोमीटर. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात अडवलेलं हे पाणी पाऊस चांगला झाला तर काठोकाठ भरतं आणि उन्हाळ्यात पार आत जातं. अर्ध्या दिवसाची ट्रिप करायची तर हेच बरं.

दुसरं ठिकाण भीमा. विजयपूर रोडने टाकळीच्या बाजूला किंवा मग हत्तरसंग कुडलला, जिथे सीना भीमेला मिळते. कुडलला एका दगडात दोन पक्षी आहेत! संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक. मुलांना आधी तो दाखवा. अर्थात गळ देवळापासून लांब, गावकऱ्यांना विचारूनच.

आणि तिसरं, उजनी. टेंभुर्णीच्या पुढे बॅकवॉटरच्या काठची गावं. पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं, भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात. मासा नाही मिळाला तरी ट्रिप वसूल.

एक मस्त योगायोग सांगू? उजनी, टाकळीजवळची भीमा आणि हिप्परगा या तिन्ही ठिकाणांहूनच सोलापूर शहराला पिण्याचं पाणी मिळत आलंय. चार-चार दिवस ज्या पाण्याची आपण वर्षानुवर्षं वाट बघितली, टाक्या भरल्या, बादल्या मोजल्या, ते पाणी राहतं कुठे हे आपल्यातल्या कितीजणांनी बघितलंय? मुलांनी तर नाहीच.

परवानगीचं मात्र लक्षात असू द्या. तलावातल्या मासेमारीचे हक्क बहुतेक वेळा मच्छीमार सोसायटीकडे किंवा ठेकेदाराकडे असतात. काठावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसाला आधी नमस्कार करा, विचारा. ‘पोरांना दाखवायला आणलंय’ म्हटलं की माणसं खुलतात, वर जागाही दाखवतात. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या बाजूला जायचंच नाही. तिथे मनाई असते आणि ती योग्यच आहे.

‘आत्या, अजून किती वेळ?’

मी माझ्या भाच्याला आणि भाचीला, वय वर्षं सात आणि दहा, उजनीच्या काठावर घेऊन गेले तेव्हा हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला. मग दर तीन मिनिटांनी. शेजारी गळ टाकून बसलेले एक म्हातारे मामा हसायला लागले. म्हणाले, ‘‘ताई, पोरं कुठं गप बसत्यात व्हय? त्यांना बसवू नगा, पळू द्या की. काठी तेवढी हलवू नगा.’’

या एका वाक्यात सगळं आलं. मुलांना काठीला बांधून ठेवायचं नसतं. काठी दोन दगडांत खोचून ठेवायची आणि कामं वाटून द्यायची. एकजण लाल भेंडावर नजर ठेवणारा वॉचमन, दुसरा आमिषमंत्री. दर पंधरा मिनिटांनी ड्युटी बदल! रिकामा असेल त्याने शिंपले गोळा करावेत, पक्षी मोजावेत, चिखलातल्या पावलांचे ठसे ओळखावेत.

वेळ कुठली निवडाल? मिशीवाला हा संध्याकाळचा आणि रात्रीचा प्राणी. उन्हं कलली की तो खाण्याच्या शोधात काठाकडे सरकतो. मुलं बरोबर असताना रात्रीचा विचार नकोच. चार ते साडेसहा हा बेस्ट स्लॉट किंवा मग पहाटे उठायची तयारी असेल तर सूर्योदयानंतरचे दोन तास. पहिल्या खेपेला दोन तास पुष्कळ झाले. मुलं कंटाळण्याच्या थोडं आधीच गाशा गुंडाळायचा, म्हणजे पुढच्या रविवारी तीच आपल्याला ओढत नेतात.

आणि हो, भेंड जरा थरथरलं की लगेच हिसका मारायचा नाही. बारके मासे आमिष कुरतडत असतात. भेंड सरळ पाण्याखाली गेलं किंवा एका बाजूला चालायला लागलं की मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि काठी शांतपणे वर उचलायची. ओढायची नाही, उचलायची! हे ‘एक-दोन-तीन’ मुलांना शिकवणं हा या खेळातला सर्वांत अवघड भाग आहे. खरं सांगायचं तर मोठ्यांना त्याहून अवघड जातो. ज्यांना मेसेजवरची निळी टिक यायला दोन मिनिटं उशीर झालेला खपत नाही, त्यांना तर फारच!

लागला! आता?

तासाभराने भाचीच्या ड्युटीत भेंड बुडालं. तिने मोजलं, उचललं आणि वीतभर लांबीचा एक शिंगटा काठावर आला. दोघांचा जो काही आरडाओरडा झाला, तो पलीकडच्या काठावरही गेला असणार.

इथे मात्र मोठ्यांनी ताबा घ्यायचा. ‘शिंगटा’ हे नाव उगाच नाही पडलेलं. त्याच्या पाठीवरच्या पंखात एक आणि दोन्ही कानांमागच्या पंखांत एकेक असा टणक, टोकदार, करवतीसारखे दाते असलेला काटा असतो. घाबरला की तो हे तिन्ही काटे ताठ उभे करतो आणि ते तसेच अडकून राहतात. हातात घुसला तर चांगलाच झणझणतो. काही जातींच्या काट्यांत सौम्य विषही असतं. म्हणून नियम एकच : मासा मोठ्यांनीच धरायचा, गळ मोठ्यांनीच काढायचा. ओला रुमाल घ्या, बाजूच्या काट्यांच्या मागे बोटं ठेवून पोटाखालून धरा आणि पकडीने गळ सोडवा. हात कोरडे नकोत, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर त्याचं रोगांपासून रक्षण करतो. मुलांनी तेवढ्यात पोटाला एक बोट लावून बघायचं, मिश्या मोजायच्या, एक फोटो. बस.

काटा लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवा, दुखणं कमी होतं. मग डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं ते फक्त चहासाठी नाही!

सोडायचा की ठेवायचा?

आता खरा प्रश्न. बादलीतल्या शिंगट्याकडे बघत भाचा म्हणाला, ‘‘आपल्या बाथरूममध्ये ठेवू.’’ भाची म्हणाली, ‘‘सोड, तो लहान आहे.’’ आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. जणू मी सुप्रीम कोर्ट!

मी मामांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘‘एवढुसा हाय. सोडला तर पुढल्या साली तुमालाच घावंल.’’ हिशेब सोपा होता. दोघांनी मिळून तो शिंगटा काठाजवळच्या उथळ पाण्यात सोडला. दोन सेकंद तो तसाच थांबला आणि मग शेपटीचा एक फटका मारून गायब. भाचा अर्धा तास रुसला होता. पण घरी गेल्यावर आजीला त्याने जी गोष्ट सांगितली, त्यात मासा कसा पकडला यापेक्षा कसा सोडला हेच जास्त होतं.

पण थांबा, प्रत्येक मिशीवाल्याला सोडणं हे पुण्य नाही! हा मुद्दा मुलांनाही नीट समजावून सांगा. आपला गावठी मांगूर जेमतेम हातभर वाढतो. त्याच्यासारखाच दिसणारा आफ्रिकन मांगूर मात्र मीटरभराच्याही पुढे जातो. डोकं रुंद, अंगावर ढगाळ ठिपके आणि भूक अशी की समोर येईल तो मासा फस्त. मांगूर हवेतूनही श्वास घेऊ शकतो, त्यामुळे तळ्यातून ओल्या जमिनीवरून सरपटत तो दुसऱ्या पाण्यात शिरतो. स्थानिक माशांचा तो असा सुपडा साफ करतो, म्हणून केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली. तरी चोरून पैदास चालूच राहिली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले आणि २०२० च्या सुरुवातीला मत्स्यव्यवसाय विभागाने उजनीच्या परिसरातली तळी रिकामी करण्याची मोहीम काढली. म्हणजे ही आपल्या अंगणातली गोष्ट आहे. असा मांगूर गळाला लागला तर परत पाण्यात सोडायचा नाही. ओळख पटत नसेल तर जवळच्या मच्छीमाराला दाखवा, तो एका नजरेत सांगेल.

असाच दुसरा पाहुणा म्हणजे सकर मासा. घरच्या फिश टँकमधली काच साफ करायला आपण जो आणतो, तोच! मोठा झाला, नकोसा झाला की लोक त्याला नदीत ‘मोकळा’ करतात. तो उजनीतही पोचलाय आणि त्याच्या खरखरीत अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. तोही कॅटफिशच्याच कुळातला बरं का. मिश्या सगळ्यांनाच असतात, पण पाणी सगळ्यांचं नसतं.

आणि खायचं म्हणाल तर पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून शेवटी उजनीत येतं, हे विसरू नका. पाण्यावर हिरवा थर किंवा फेस असेल, वास येत असेल तिथे गळच टाकू नका. डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवा. चिलापी फ्राय खायची इच्छा आवरत नसेल तर भिगवण-इंदापूर पट्ट्यातली मच्छीची हॉटेलं आहेतच!

काठावर असताना

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका.

* एका मुलामागे एक मोठा माणूस. तो मोठा माणूस फोनवर नको.
* मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, काठावर बसणार असलात तरी. बॅकवॉटरचा काठ दिसतो तसा नसतो. वरून सुकलेला चिखल आत गुडघाभर असतो आणि दोन पावलांवर अचानक खोल पाणी लागतं.
* वारा सुटला, आभाळ भरून आलं की लगेच निघा. बोटीत बसण्याचा मोह टाळा. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान उजनीत वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती.
* पावसाळ्यात नदीकाठ नको. धरणातून पाणी सोडलं की भीमा बघता बघता चढते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काय केलं ते आपण पाहिलंय. शिवाय पावसाळ्याची सुरुवात हा माशांच्या विणीचा काळ, त्यांनाही सुट्टी द्या.
* तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. पाण्यात किंवा काठावर राहिला तर पक्ष्यांच्या पायात अडकतो. मुलांमध्ये स्पर्धा लावा, कोण जास्त तंगूस गोळा करतं!

कधी, कसं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते आणि पाणीही भरपूर असतं. मिशीवाला थंडीत जरा आळशी होतो, त्यामुळे पकडण्याच्या दृष्टीने मार्चमधल्या संध्याकाळी जास्त चांगल्या. हिप्परग्याला टू-व्हीलरनेही जाता येतं. कुडल साधारण चाळीस किलोमीटर, स्वतःची गाडी असलेली बरी. उजनीसाठी पुणे हायवेने टेंभुर्णी गाठा, साधारण पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर. पुण्यात नोकरी करणाऱ्या सोलापूरकरांना तर हे वाटेतच आहे! बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि भरपूर पाणी. टोपी, जुने कपडे, जादा चपलांचा जोड, प्रथमोपचाराची पेटी.

आणि पहिल्या खेपेला मासा नाही मिळाला तर? नाही मिळाला! दोन तास तुम्ही आणि तुमची मुलं एकाच गोष्टीकडे एकत्र बघत होतात, हे या आठवड्यात आणखी कधी झालं होतं? शिवाय आता घरी नळाला पाणी आलं की मुलं विचारतील, ‘हे आपण गेलो होतो तिथलं ना?’ त्या पाण्यात कोण राहतं हे त्यांना ठाऊक झालेलं असेल. त्यात काय टाकू नये आणि काय सोडू नये, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

मग काय, या रविवारी गळ टाकताय ना? आणि हो, ‘एक-दोन-तीन’ मोजायला विसरू नका!